उंबरठ्यावरची दुसरी परीक्षा

दहावी झालेल्या मुलाने कॉलेजात जाण्याआधी आणखी एक प्रवेशपरीक्षा द्यावी काय? २०२१ साली शासनाने हा प्रश्न विचारला तेव्हा तो नवा वाटला. तो फार जुना आहे.

मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक घेतली. १३२ बसले, २२ उत्तीर्ण झाले, रानडे त्यांतलेच. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठात शिरण्याचीच परीक्षा होती. आमच्या भागाला विद्यापीठही दूरचे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आधी कलकत्त्याला जोडलेले होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये आले. अर्थात ज्यांना गावातली शाळाच बंद होती, त्यांना कलकत्ता काय नि नागपूर काय!

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला बजावले की शिष्यवृत्त्या चढाओढीने देणे वरवर न्यायाचे दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. गुणवत्तेचे ढोल बडवणाऱ्यांनी हे निवेदन अजून वाचलेले दिसत नाही.

१९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. तरी एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडले, कारण उत्तीर्ण होणे पुरेसे होते. हा आकडा आपण सभांतून सांगायला संकोचतो. तो मोठ्याने सांगितला पाहिजे. पुढे १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनीच मांडले की उच्च शिक्षण गरजूंच्या व गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे.

मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, १९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध आला. परीक्षा खेड्यापाड्यांत पोचली, शेतमजुरांची मुले पास होऊ लागली. मग त्या पास होण्याचीच किंमत उतरली आणि वर सीईटी, नीट चढल्या. हा योगायोग मानायला मी तयार नाही. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा वेगळा पेपर असे. नीट आल्यावर तो गेला. (फुले-आंबेडकर विचाराचा पेपर कुठल्याच मेडिकलला कधी सुचला नाही.)

२०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी २१ ऑगस्टला शंभर गुणांची सीईटी ठरली. ती म्हणायला ऐच्छिक; पण जागा आधी ती देणाऱ्यांना, उरल्यासुरल्या इतरांना. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

सीईटीची एक बाजू मला मान्य आहे. अंतर्गत गुण शाळेच्या हातात असतात आणि आडनाव पाहून आखडणारे हात आपल्याला ठाऊक आहेत. बैठक क्रमांकाला आडनाव नसते. पण त्या वर्षी शाळा फोनवर भरत होती. जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता नागपूरला जातो, एक हिंगणघाटला, एक चंद्रपूरला. तिथल्या मजुराच्या घरात फोन एक, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. त्या घरातल्या मुलीने न शिकवलेल्या गणितावर नागपूरच्या शिकवणीतल्या मुलाशी झुंजायचे, याला निनावी न्याय म्हणायचे काय?

परीक्षा घ्यायचीच तर प्रवेश झाल्यावर, कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. फी नको, यादी नको. कुणाला इंग्रजी, कुणाला गणित पुन्हा शिकवायचे एवढे तिच्यातून कळावे, आणि त्या तासांना शिक्षक नेमावेत.