‘जीन’ शब्दाची कुळकथा

दिवाळी उलटून हिंगणघाटच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागूं लागल्या, म्हणजे ‘जीन’ हा शब्द दिवसांतून शेंकडों वेळां कानीं पडतो. ‘कापूस जिनावर गेला’, ‘जीन आज बंद आहे’, असें बोलणाऱ्या शेतकऱ्यास आपण एक इंग्रजी शब्द उच्चारीत आहों, याची जाणीवहि नसते. सरकीपासून रुई वेगळी करणारें यंत्र, आणि ज्या आवारांत तें यंत्र चालतें तो कारखाना, या दोहोंसहि तो हेंच एक नांव देतो. खुद्द इंग्रजी भाषेंत मात्र या इवल्याशा शब्दाचीं कुळें इतकीं आहेत, कीं कोशकारास त्यांच्यासाठीं निरनिराळीं घरें मांडावीं लागतात.

त्यांतलें आपल्या कापसाचें कूळ प्रथम पाहूं. हें ‘जीन’ म्हणजे ‘एंजिन’ या शब्दाचें तुटून राहिलेलें शेपूट होय. लॅटिन भाषेंत ‘इन्जेनियम’ असा एक शब्द आहे. माणसाच्या अंगीं जन्मतःच असलेली बुद्धि, उपजत गुण, हा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंच भाषेंत तो ‘एंजिन’ झाला आणि अर्थहि पायरीपायरीनें खालीं उतरला. बुद्धीची झाली युक्ति, युक्तीचें झालें कपट, आणि शेवटीं युक्तीनें रचलेली कोणतीहि वस्तु त्या नांवानें ओळखली जाऊं लागली. इंग्रजांनीं पहिलें अक्षर गाळलें आणि ‘जिन’ तेवढें ठेविलें. चॉसर कवीच्या एका कथेंत पितळेचा मंतरलेला घोडा येतो; त्याच्या कळसूत्रास त्यानें हाच शब्द लाविला आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांत त्याच शब्दाचा अर्थ पांखरें धरण्याचा फांसा असा आहे. पुढें खाणींतून ओझें वर ओढणाऱ्या यंत्रासहि इंग्रज ‘जिन’च म्हणूं लागले. मौज अशी, कीं ‘इन्जेनियम’मधला ‘जेन्’ आणि संस्कृतांतला ‘जन्’ धातु हे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. म्हणजे ‘जन्म’, ‘जनक’, ‘जाति’ हे शब्द हिंगणघाटच्या जिनाचे दूरचे भाऊबंद ठरतात.

दुसरें कूळ पेयाचें. त्याचा बुद्धीशीं कांहीं संबंध नाहीं. पिणाराच्या बुद्धीशीं असेल तेवढाच. ‘जुनिपेरस’ या लॅटिन नांवाच्या झुडपाचीं फळें घालून डच लोक एक मद्य करीत व त्यास ‘येनेव्हर’ म्हणत. विल्यम ऑफ ऑरेंज हा डच राजपुत्र १६८९ मध्यें इंग्लंडच्या गादीवर बसल्यावर तें मद्य तिकडे फोफावलें आणि त्याच्या नांवाचेंहि आंखूड ‘जिन’ झालें. लंडनच्या गोरगरिबांनीं त्यापायीं संसार धुळीस मिळविले. पार्लमेंटास १७३६ सालीं व पुनः १७५१ सालीं त्याविरुद्ध कायदे करावे लागले. त्याच १७५१ सालीं हॉगार्थ या चित्रकारानें या व्यसनाचें जें चित्र कोरलें, तें आजहि अंगावर शहारे आणतें. हिंदुस्थानांत आलेल्या साहेबांनीं हिंवतापावरील कडू क्विनाइन घशाखालीं उतरावें म्हणून त्यांत हीच जिन ओतली. वर्धा जिल्ह्यांत गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून कित्येक दशकें दारूबंदी आहे. तेव्हां एका जिनास येथें राजरोस धुराडें आहे आणि दुसरीस मज्जाव आहे.

अरबी कथांतला ‘जिन्न’ हा आणखी निराळा. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘लपणें, झांकणें’ असा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं गालां या फ्रेंच पंडितानें त्या कथा भाषांतरित केल्या, तेव्हां त्याला जिन्नासाठीं ‘जेनी’ हा आपल्याच भाषेंतला शब्द सांपडला. हा ‘जेनी’ लॅटिन ‘जेनियस’पासून, म्हणजे पुनः त्या ‘जेन्’ धातूपासूनच आलेला! अरबी भूत अशा रीतीनें लॅटिन कुळांत दत्तक गेलें. स्कॉटलंडांत याच शब्दाचा अर्थ ‘जर’ असा होतो, पण त्याचा येथें उपयोग नाहीं.

मराठींत घोटाळा अधिकच. अकारान्त शब्दाचें उपान्त्य अक्षर दीर्घ लिहावयाचें, या आपल्या दंडकामुळें सगळीं जिनें एकाच पोषाखांत उभीं राहतात. घोड्याचें जीन फारसी भाषेंतून आलें आणि त्यानें जिनगरास नांव दिलें. जाड विणीचें जीन कापड इटलींतल्या जिनोआ शहराचें नांव मिरवितें. तीर्थंकरांचा ‘जिन’ शुद्ध संस्कृत, ‘जिंकणारा’ या अर्थाचा. त्यानें तेवढी आपली ऱ्हस्व वेलांटी सांभाळली आहे.

असो. वर्ध्याच्या मातींत रुजलें तें यंत्राचें जीन. सरकी काढण्याची विद्या मात्र त्या नांवाबरोबर आली नाहीं. ती येथें फार जुनी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाटीवर कापूस ठेवून त्यावर लाटणें फिरवून सरकी काढण्याचें काम अभ्यासकांनीं ओळखलें आहे. पुढें दोन लाटांमधून कापूस ओढणारा हातचरखा घरोघर आला. लाटा उलटसुलट फिरत. रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. बहुधा बायकाच तो फिरवीत. इंग्रज अधिकाऱ्यांनीं आपल्या अहवालांत त्यास ‘चुर्का’ म्हटलें आहे. मूळ शब्द फारसी ‘चर्ख’, म्हणजे चाक.

अमेरिकेंत १७९३ सालीं एली व्हिटनी यानें करवती दांत्यांचें जीन रचलें व पुढल्या वर्षीं त्याची सनद घेतली. तिकडच्या आंखूड धाग्याच्या कापसास सरकी फार घट्ट चिकटून असते. ती सोडविण्याचे कष्ट वांचले. कष्ट वांचल्यावर गुलामांचे हाल कमी व्हावे, असें कोणासहि वाटेल. घडलें तें विपरीत. कापसाचा पेरा अफाट वाढला, आणि १७९० सालीं सुमारें सात लाख असलेले गुलाम १८६० सालीं चाळीस लाखांच्या घरांत गेले. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें. अमेरिकन कापूस अडला आणि मॅंचेस्टरची नजर वऱ्हाड-नागपुराकडे वळली. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुराहून वेगळा निघाला तो याच धामधुमींत. कापसासाठीं रिव्हेट-कारनॅक नांवाचा खास कमिशनर नेमण्यांत आला, १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १८७० नंतरच्या दशकांत तिचा फांटा हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे गेला. कोळसा व रूळ दोन्ही आल्यावर वाफेच्या जिनांस उणें तें काय राहिलें? त्या जिनांत व्हिटनीचे करवती दांते नव्हते. फोन्स मॅकार्थी या अमेरिकनानें १८४० सालीं सनद घेतलेलें, कातडी लाटेचें जीन इकडच्या कापसास मानवलें. तत्त्व पाहूं जातां तें आजीच्या चरख्याचेंच सुधारलेलें रूप होतें; पण नांव मिळालें विलायती.

हिंगणघाटचा त्या काळचा कापूस म्हणजे बनी. धागा लांब, मऊ व रेशमासारखा. लिव्हरपूलच्या व्यापारांत ‘हिंगणघाट’ हें एका कापसाचें नांव होऊन बसलें होतें. बनीचें एक वैगुण्य होतें. तींत रुई थोडी व सरकी फार. जरी नांवाच्या जाड्याभरड्या कापसांत रुई भरपूर उतरे. वजनाचा पैसा मिळूं लागल्यावर धाग्याचें कौतुक कोण करणार? आणि या बदलास जिनानें हातभार लाविला. चरख्याच्या काळीं शेतकऱ्याची सरकी त्याच्याच घरांत राही. चांगल्या बोंडांची निवडून तो पुढल्या सालीं पेरी. जिनांत दहा गांवांचा कापूस एका ढिगांत पडे. बाहेर येणाऱ्या सरकींत बनी कोणती आणि जरी कोणती, हें सांगण्यास ब्रह्मदेवहि असमर्थ. तीच सरकी पुनः शेतांत गेली, आणि बनीचें कूळ कांहीं दशकांत बुडत गेलें. सरकारास जाग आली ती फार उशिरां. परमुलखीं कापसाची भेसळ रोखण्यासाठीं १९२३ सालीं व जिनांवर देखरेख ठेवण्यासाठीं १९२५ सालीं कायदे झाले. तोंवर बाजारांत ‘हिंगणघाट’ हें बहुतेक नांवच उरलें होतें. ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘उपजत गुण’, त्या नांवाच्या यंत्रानें एका कापसाचा उपजत गुण पुसून टाकावा, हें विपरीतच म्हटलें पाहिजे.

मगनवाडींत १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ आला आणि १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास गेले. कापूस घरींच लोढावा, असा खादीवाल्यांचा आग्रह असे. बाहेरच्यांस तो सूत कातण्याच्या छंदाचा एक भाग वाटे. सरकी घरांत राहते, हें त्यांतलें मर्म शेतकऱ्यास मात्र सांगावें लागत नसे.

या कुळांत शेवटचा जन्म १९०९ सालचा. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानें आनुवंशिक गुण वाहणाऱ्या घटकास ‘जेन’ असें नांव दिलें. इंग्रजींत व मराठींत तें ‘जीन’ झालें. धातु पुनः तोच, ‘जन्’चा भाऊ. मातींतल्या एका जंतूचें असें जीन घातलेल्या, बोंडअळीस मारक अशा बीटी कापसास २००२ सालीं परवानगी मिळाली आणि आज वर्धा जिल्ह्यांतला बहुतेक कापूस त्याच जातीचा आहे. हें बियाणें संकरित असल्यामुळें त्याची सरकी पेरून मूळचें पीक येत नाहीं. शेतकरी आतां बी घेतांना एक जीन विकत घेतो आणि कापूस विकण्यास दुसऱ्या जिनावर जातो. तेथें एका क्विंटलामागें साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेली सरकी तेलाच्या गिरणींत जाते, तिची पेंड गुरांपुढें पडते, आणि मृगापूर्वीं बियाण्याची पिशवी दुकानांतून आणावी लागते.