सावित्रीमाई : दान नव्हे, हक्काची लढाई

दरवर्षी ३ जानेवारीला पुण्यात सावित्रीमाईंच्या पुतळ्याला हार पडतात. भाषणांत ‘दयेची मूर्ती’, ‘जोतीरावांची सावली’ हे शब्द हमखास येतात. आम्हाला हे दोन्ही शब्द मान्य नाहीत.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. अध्यक्ष जोतीराव, म्हणून माई अध्यक्षांच्या पत्नी, हे खरे. पण त्याआधी २५ वर्षे, १८४८ साली, भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हापासून त्या शिक्षणाच्या कामात होत्या. सावली कधी इतकी आधी चालते का?

१८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे माईंनी स्वतः केली. त्यांतल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी भुकेल्यांना जेवू घातले. माई जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या सावकारांच्या लुटीवर नेमके बोट ठेवतात. दान करणारा भूक पाहतो. माईंनी भुकेचे कारण पाहिले. फरक इथे आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरून माई पुढे चालल्या. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. अध्यक्षांची पत्नी स्वतः अध्यक्ष झाली, हे भाषणांत का येत नाही?

१८९७ साली प्लेग आला. डॉक्टर यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला.

आम्ही पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. वह्या वाटायला पाहुणे येतात, फोटो काढतात, निघून जातात. आठवीतली मुलगी शाळा का सोडते, हे कोणी विचारत नाही. वह्या जरूर वाटा, पण हा प्रश्नही विचारा. माईंचे नाव घ्यायचे तर एवढे करावेच लागेल.

जय जोती! जय भीम!