हृदयाचा वण भरतो का?

मध्यंतरी आमच्या एका गटाच्या बैठकीत दोन लाखांच्या कर्जाची मागणी आली. मागणारी ताई गटातली जुनी सभासद, एकही हप्ता न चुकवलेली. तिच्या मालकांना वर्षापूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. आता चार पावलं चाललं तरी धाप लागते. तिला कुणीतरी सांगितलं होतं, शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन मिळतं, त्यानं हृदय पुन्हा नव्यासारखं होतं. गटात एवढी शिल्लक नव्हती, पण बाया म्हणाल्या, कुठून तरी उभे करू. मी आठ दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

विळ्यानं बोट कापलं तर आठ-दहा दिवसांत नवी कातडी येते. मोडलेलं हाड सांधतं. हृदयाचं तसं नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी वाहिनी बंद पडते. रक्त न मिळालेला स्नायू मरतो आणि तिथं वण तयार होतो. हा वण ठिगळासारखा असतो. तो फाटलेलं झाकतो, पण स्नायूसारखा आकसत नाही. मग उरलेल्या हृदयावर सगळा भार येतो.

माणसाच्या हृदयात नव्या पेशी तयार होतच नाहीत, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००९ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं याचा हिशेब लावला. १९५० नंतर मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यातून हवेत वेगळ्या प्रकारचा कार्बन वाढला आणि अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. त्यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शंभरातली साधारण एक पेशी नवी होते, पंच्याहत्तरीत त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे नव्या पेशी होतात, पण अटॅकचं नुकसान भरून निघेल एवढ्या नाहीत.

त्याआधीच, २००१ मध्ये, अमेरिकेतून मोठी बातमी आली होती. डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अँव्हर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की, उंदराच्या हाडाच्या मगजातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, दुखावलेल्या हृदयात सोडल्या आणि त्यांच्यापासून नवा स्नायू झाला. जगभर आशा पसरली. थोड्याच काळात माणसांवरही चाचण्या सुरू झाल्या. पण २००४ मध्ये दुसऱ्या दोन गटांनी तोच प्रयोग करून पाहिला. मगजातल्या पेशी रक्ताच्याच पेशी राहिल्या, हृदयाचा स्नायू झाल्या नाहीत.

अँव्हर्सा यांनी पुढे हृदयातच मूळपेशी असल्याचा दावा केला. त्यावरही वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं लागली. अखेर २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि त्यांच्या जुन्या रुग्णालयानं कळवलं की त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या ३१ शोधनिबंधांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती आहे, ते मागे घ्यावेत. याच संशोधनावर आधारलेली रुग्णांवरची एक चाचणी तेव्हा मध्येच थांबवावी लागली.

मग आशाच नाही का? आहे, पण तिची वाट हळू आहे. आपल्याकडच्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा बोटाच्या पेराएवढा झेब्रा मासा आहे. २००२ मध्ये अमेरिकेत त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापून पाहिला. दोन महिन्यांत तो पुन्हा वाढला. पुढे कळलं की शेजारच्या वाचलेल्या स्नायूपेशीच दुभागून नव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर काम चालतं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखं करून दाखवलं. त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशाच पेशींपासून केलेला हृदयस्नायूचा पातळ पापुद्रा २०२० मध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या हृदयावर बसवला. पण ती तेव्हा चाचणी होती. खात्रीचा उपाय नव्हे.

आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मूळपेशींचं रोपण मान्य आहे. बाकी सगळं फक्त परवानगी असलेल्या चाचणीतच करायचं. आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. जिथं लाखांची पावती मागतात, तिथं थांबायचं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ताई रडली. म्हणाली, “तुम्ही माझी आशाच काढून घेतली.” मला उत्तर सुचलं नाही. तिच्या शेजारची म्हातारी सभासद म्हणाली, “आशा ठेव गं, पण ती दोन लाखाला विकत घेऊ नको.” आम्ही प्रवासासाठी आणि तपासणीसाठी पाच हजार मंजूर केले. तिथं कळलं की मालकांनी तीन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्या होत्या. आता त्या सुरू आहेत. चढ अजून चढवत नाही, पण घरापासून पारापर्यंत ते चालत जातात.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर ताईला नाही म्हणून परत पाठवू नका. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ही चाचणी आहे का, परवानगी कुणाची, आणि पैसे कशाचे. आणि कुणाच्या छातीत कळ आली, घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. मेलेला स्नायू आज कुणालाच परत आणता येत नाही. वेळेत पोहोचलं तर तो वाचवता मात्र येतो.