सलाईनमधून दिलेलं लोह शरीरात कुठे जातं?

आमच्या ताईला गोळ्या सोसत नव्हत्या, म्हणून पेठ वडगावला घरी असताना तिला लोहाचं सलाईन लावलं. आठ दिवसांनी तिने स्वतःच रक्त तपासलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला रिपोर्टची पीडीएफ पाठवली. फेरिटिन लाल अक्षरांत, मर्यादेच्या कितीतरी वर. हिमोग्लोबिन मात्र जवळपास तेवढंच! "लोह लई चढलंय काय रे? मग दम का लागतोय अजून?"

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. तिच्या डॉक्टरांकडून समजलं ते माझ्या भाषेत सांगतो: डाउनलोड झालं होतं, इन्स्टॉल व्हायचं होतं.

औषधात काय असतं?
मोकळं लोह पेशींना इजा करतं. म्हणून लोहाच्या अतिसूक्ष्म कणांभोवती कर्बोदकाचं वेष्टण असतं. आयर्न सुक्रोज थोडं थोडं, अनेक वेळा देतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचे १००० मिलिग्रॅमपर्यंत एकाच वेळी, साधारण १५ मिनिटांत देता येतात.

पुढचा प्रवास
१. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेज पेशी हे कण गिळतात आणि वेष्टण फोडतात.
२. सुटलेलं लोह फेरिटिन या प्रथिनात साठतं.
३. गरजेप्रमाणे ते फेरोपोर्टिन नावाच्या दारातून बाहेर पडतं. यकृतातलं हेप्सिडिन हे हार्मोन ते दार बंद करू शकतं.
४. ट्रान्सफेरिन हे लोह अस्थिमज्जेत पोचवतं. तिथे नव्या लाल पेशी तयार होतात.

रिपोर्ट का फसवतो?
साठा आधी भरतो, पेशी नंतर बनतात. म्हणून फेरिटिन लगेच उसळतं, तर हिमोग्लोबिनमधली वाढ दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. फेरतपासणी साधारण ४ ते ८ आठवड्यांनी करतात. ताईचा सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला आला, जिना चढताना दमही लागेना.

'फरक नाही' म्हणून मनाने गोळ्या वाढवू नका. आतडं लोह मोजून-मापून आत घेतं, सलाईन ती चाळणी ओलांडतं. आणि जादा लोह बाहेर टाकायची खास सोय शरीरात नाही.

हे लक्षात ठेवा
- सलाईन चालू असताना पुरळ, छातीत आवळल्यासारखं किंवा धाप वाटली तर लगेच नर्सला सांगा.
- फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजनंतर अशक्तपणा वाढला, हाडं दुखू लागली तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं फॉस्फेट घटलेलं असू शकतं.
- लोह कमी का झालं, हे शोधाच. पाळीत जास्त रक्तस्राव हे एक नेहमीचं कारण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे असा रिपोर्ट तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊ शकतो. लाल आकडा पाहून घाबरण्याआधी सलाईनची तारीख बघा आणि डॉक्टरांना फोन करा.