अ‍ॅम्प्लिफायरविना बारा तारांची गिटार

१९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनमुळे रिकेनबॅकर ३६०/१२ ही बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार जगभर गाजली. तिचे लाकडी अंग अंशतः पोकळ असल्याने अ‍ॅम्प्लिफायर न जोडताही ती भरीव इलेक्ट्रिक गिटारपेक्षा थोडी मोठ्याने वाजते. अकूस्टिक गिटारची सर मात्र तिला नाही; तिची वरची फळी तितकी पातळ नसते. खर्जाकडील चार जोड्या सप्तकाच्या अंतराने, उरलेल्या दोन एकाच स्वरात लावतात. हे सूर जुळवायला आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता रात्री रियाज करायला एवढा आवाज पुरतो. मोठ्या नादाच्या हव्यासाने बोटे जोरात दाबली, की सूर चढतात. शिवाय नको त्या तारांची गुणगुण खोलीत जाणवत नाही, ती अ‍ॅम्प्लिफायर जोडताच उघडी पडते.