नापाच्या खोऱ्यातील संयत वाइन

अमेरिकेत मे महिन्याचा अखेरचा सोमवार 'मेमोरियल डे' म्हणून पाळला जातो. शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोहून नापा खोऱ्याकडे निघालेल्या मोटारींची रांग २९ क्रमांकाच्या महामार्गावर रेंगाळत असते. माहीतगार मंडळी त्याला समांतर जाणारा सिल्व्हराडो ट्रेल पसंत करतात. दुतर्फा द्राक्षमळे, वेलींना नुकता आलेला फुलोरा आणि त्या मानाने कमी गर्दी.

नापाचे खोरे जेमतेम ५० किलोमीटर लांबीचे. कॅलिफोर्नियातील एकूण वाइनपैकी सुमारे ४ टक्केच येथे तयार होते, पण कीर्ती मात्र सर्वांत मोठी. दक्षिणेकडील सॅन पाब्लो उपसागरावरून रात्री गार धुके खोऱ्यात शिरते. त्यामुळे दक्षिणेचा कार्नेरोस परिसर थंड, तर उत्तरेचे कॅलिस्टोगा उष्ण. कार्नेरोसमध्ये शार्दोने व पिनो न्वार ही थंडी मानवणारी द्राक्षे, तर मधल्या ओकव्हिल, रदरफोर्ड भागात कॅबर्ने सॉव्हिन्याँ लावतात. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते. वाइनचा डौल म्हणतात तो बव्हंशी या आम्लतेवर उभा असतो.

या डौलाला जगन्मान्यता मिळाली ती पॅरिसमध्ये. २४ मे १९७६ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या मेमोरियल डेच्या आठवडाभर आधी, स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइनविक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर नावे झाकून वाइन ठेवल्या. पांढऱ्यांत शातो मॉन्टेलिनाची १९७३ची शार्दोने आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने पहिली आली. बोर्दो आणि बर्गंडीच्या मातब्बर बाटल्या मागे पडल्या. तेथे हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम'चा जॉर्ज टेबर होता. तो नसता तर हा निकाल बहुधा त्या खोलीतच राहिला असता!

पुढे मात्र चवीचे वारे फिरले. १९९०नंतर द्राक्षे अतिपक्व होईपर्यंत वेलीवर ठेवण्याची रीत रुजली. अल्कोहोलचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपासून १४.५च्याही वर गेले. समीक्षकांचे भरघोस गुण अशाच दणकट वाइनना मिळू लागले, परंतु जेवणासोबत दुसरा पेला घ्यावासा वाटेना. या अतिरेकाविरुद्ध २०११ साली 'इन परस्युट ऑफ बॅलन्स' ही चळवळ उभी राहिली. तिच्या दोन प्रवर्तकांपैकी एक, रजत पार, मूळचे कोलकात्याचे. २०१६मध्ये ती थांबली, तरी संयत वाइनचा आग्रह टिकून आहे.

आस्वाद घेताना हा फरक ओळखणे अवघड नाही. प्रथम पांढरी, नंतर हलकी तांबडी आणि शेवटी कॅबर्ने असा क्रम असावा. पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, घोट जिभेवर क्षणभर खेळवावा. घशात जळजळ मागे राहिली तर अल्कोहोल वरचढ झाले असे समजावे. तोंडाला पाणी सुटले तर आम्लता शाबूत आहे. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्याचा वापर करणे असभ्य मानले जात नाही. उलट, मोटार चालवणाऱ्याने तो करावाच, कारण रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. दिवसाला दोन-तीन वायनरी पुरेत. १९९०च्या नियमानुसार, त्यानंतर परवानगी मिळालेल्या वायनरींत आगाऊ वेळ ठरवल्याशिवाय प्रवेश नसतो. सुट्टीच्या दिवसांत ही वेळ काही आठवडे आधी ठरवलेली बरी.

मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकमध्ये 'सुला' उभारताना कॅलिफोर्नियातीलच केरी डॅमस्की या वाइनतज्ज्ञाची मदत घेतली. फरक हंगामाचा. नापात द्राक्षतोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. नाशकात ती जानेवारी ते मार्चमध्येच उरकते.