'दिवस' मोजण्याचा इतिहास

मराठीत स्त्रीला 'दिवस जातात', मग ते 'भरतात'. पाळी 'चुकते' तीही दिवसांच्याच हिशेबात. गर्भधारणेविषयीची आपली सारी भाषा मोजणीची आहे, आणि तरुण विद्यार्थ्यांच्या मनातील बहुतेक गैरसमज या मोजणीतच दडलेले आहेत. दिघी, भोसरी, आळंदी या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकवताना ते आमच्या कानांवर वारंवार येतात. पाळी संपल्यानंतरचे आठ दिवस निर्धोक असतात; पहिल्याच वेळी गर्भ राहत नाही; सम तिथीला मुलगा, विषम तिथीला मुलगी. बोलणारी मुले शिकलेली, कारखान्यात राबणाऱ्या आईबापांची, हातात मोबाईल असलेली. प्राध्यापक-कक्षात यावर 'अडाणीपणा' असा शेरा पडतो. आम्हांस तो मान्य नाही. हे अज्ञान नव्हे. एकेकाळच्या विद्वत्तेचे हे झिजलेले अवशेष आहेत.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे. पहिल्या चार रात्री निंद्य. पुढल्यांपैकी युग्म रात्री पुत्रासाठी, अयुग्म कन्येसाठी. ही गणना रजोदर्शनापासूनची आहे, पंचांगातील तिथीशी तिचा काही संबंध नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हा काळ सामान्यतः बारा रात्रींचा येतो. सुश्रुतसंहितेत तर उपमाही आहे: दिवस मावळल्यावर कमळ मिटते तसा ऋतुकाळ सरल्यावर गर्भमार्ग मिटतो. युग्म-अयुग्माची कल्पना शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, हे उघड आहे. परंतु पाचव्या ते सोळाव्या रात्रीचा काळ फलनक्षम मानणे हा अंदाज नियमित पाळीच्या स्त्रीपुरता वास्तवाच्या पुष्कळच जवळ जातो. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यक येथे मागे पडले. कुत्रीसारख्या प्राण्यांच्या माजातील रक्तस्रावाशी स्त्रीच्या पाळीचे साम्य कल्पून तेथील अनेक डॉक्टर पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि मधले दिवस सुरक्षित असतात असे सांगत. म्हणजे जे दिवस सर्वांत जोखमीचे, तेच त्यांनी निर्धोक ठरवले!

हा घोटाळा सुटला तो १९२० च्या दशकात. जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की स्त्रीबीज साधारणतः पुढची पाळी येण्याच्या दोन आठवडे आधी सुटते. गणना मागच्या पाळीपासून नव्हे, पुढच्या पाळीपासून उलटी करायची, आणि पुढची पाळी तर अजून यायची असते! पाळी अनियमित असली तर हिशेब कोसळतो. शिवाय पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. त्यामुळे आखूड चक्र असलेल्या मुलीला 'पाळीनंतरचे आठ दिवस' हा मंत्र फसवू शकतो. आणि पहिली वेळ की दहावी, हे बीजाला ठाऊक नसते.

नेमक्या याच दशकात मुंबईत एक गणिताचा प्राध्यापक या विषयाकडे वळला होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाङ्मयेतिहासात आपण कर्व्यांना बुद्धिवादी निबंधकार म्हणून अर्धे पान देतो. आम्हांला त्या मासिकातील वाचकांच्या शंका आणि त्यांना दिलेली उत्तरे हा मराठी गद्याचा अधिक मोलाचा ठेवा वाटतो. अलंकार नाही, उपदेश नाही, लाजेची कुजबुज नाही. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच.

पुढची पाऊणशे वर्षे झरकन सांगता येतील, कारण या बाबतीत फारसे काही घडले नाही. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. २०२० मध्ये एका लोकप्रिय कीर्तनकारांचे सम-विषम तिथीचे विधान गाजले आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ते प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेले. मूळ ग्रंथातील 'रात्री' येथे 'तिथी' झाल्या होत्या, ही गोष्ट मात्र चर्चेत कोणी फारशी बोलली नाही. मूल मुलगा की मुलगी हे पुरुषबीजातील गुणसूत्रावर ठरते, हे तर १९०५ पासून ज्ञात आहे.

आजचा सर्वांत धोक्याचा गोंधळ मात्र एका शब्दाचा आहे, म्हणून तो आम्हां भाषेच्या शिक्षकांच्या अखत्यारीतला समजावा. आमचे विद्यार्थी तीन वेगळ्या औषधांना एकच शब्द वापरतात: 'गोळी'. रोज घ्यायची ती गर्भनिरोधक. संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, सामान्यतः ७२ तासांच्या आत घ्यायची ती तातडीची; ती मुख्यतः स्त्रीबीज सुटणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. ही २००५ पासून भारतात चिठ्ठीविना मिळते. तिसरी गर्भपाताची, जी वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची. पाळी चुकल्यावर दुसरी गोळी घेऊन निश्चिंत बसणारी, किंवा तिसरी कोणाकडून तरी आणवून खोलीवर घेणारी मुलगी या एका शब्दाची किंमत मोजते. कच्च्या पपईवर भिस्त ठेवणारी आठवडे गमावते. आणि येथे आठवड्यांना अर्थ आहे, कारण १९७१ च्या गर्भपात कायद्यातील मुदती आठवड्यांतच आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन फसल्याचे कारण अविवाहितेलाही खुले झाले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला त्यासाठी स्वतःची लेखी संमती पुरते. पतीची लागत नाही, वडिलांचीही नाही. वर्गात हे सांगितल्यावर मुली ते वहीत उतरवून घेतात, असे आम्ही पाहिले आहे.